माइकची बहिरी बाजू

हळूबाईला मी पाहिलं, त्याच्या आधी तिचा हात पाहिला.

शाळेत लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. रेडिओ केंद्रावर मुलांचा कार्यक्रम असे आणि त्यात आळीपाळीने शाळांना बोलावत. आमची पाळी आली तेव्हा मुलांना घेऊन जायचं काम सगळ्यांत नव्या बाईंच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडलं. स्टुडिओ माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघाला. भिंतींना बारीक भोकांचे तक्ते, पायाखाली जाड गालिचा, एका बाजूला मोठी काच आणि मधोमध लोखंडी दांड्यावर उभा एक माइक. लांबट, दोन्ही टोकांना गोल, एखाद्या राक्षसाने घ्यायच्या औषधाच्या गोळीसारखा, आणि अंगावर करडी जाळी. त्याला बघून मुलांची कुजबुज थांबली. आता बाईंनी काहीतरी करून दाखवायला हवं, असं मला वाटलं. शाळेच्या संमेलनात आमचे मुख्याध्यापक जे करत तेवढंच मला ठाऊक होतं. मी पुढे झाले, ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली.

ती फुंकर जाळीपर्यंत पोचलीच नाही. मध्ये एक तळवा आला होता. रुंद, घट्टे पडलेला, तारांना डाग देताना वितळणाऱ्या राळेचा वास असलेला.

"हळू, बाई," तळव्याची मालकीण म्हणाली. "याला फुंकर सोसत नाही. जीव जातो त्याचा."

मी ओशाळले. मागे मुलं खुदखुदली. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. मुलांकडे वळून तिने विचारलं, तुमच्या डोळ्यांत कधी कुणी फुंकर मारली आहे का? बरेच हात वर झाले. आवडलं का? नाही, मुलं म्हणाली. मग यालाही नाही आवडत, ती म्हणाली, आणि तिचा तास संपला. निवृत्त होईपर्यंत मी पुष्कळ धडे घेतले, पण इतका आखूड आणि इतका पुरता धडा क्वचितच जमला.

ती तिथली ध्वनिमुद्रण करणारी. सगळं केंद्र तिला हळूबाई म्हणायचं. दार हळू लावा, स्टँड हळू फिरवा, पानं हळू उलटा, हे दिवसभर तिच्या तोंडी. दार धाडकन लावलं की खोलीतली हवा दचकते, आणि हवा दचकली की आतली रिबन ताणली जाते, असं तिचं म्हणणं. टोपणनावाचा तिला राग नव्हता. "नाव ठेवायचंच होतं तर बरं ठेवलंय," ती म्हणायची. "माझ्या आधीच्या माणसाला घुबड म्हणत." तिच्यात आणि माझ्यात सुरुवातीला अहो-जाहो होतं, ते लवकरच गळून पडलं. म्हणून इथेही मी तिच्याबद्दल एकेरीच लिहिते.

माइक जपानी होता. केंद्र सुरू झालं तेव्हा असे चार आले होते. प्रत्येकाच्या तळाशी पितळी पट्टीवर जपानी अक्षरं कोरलेली होती आणि ती वाचता येणारा माणूस केंद्रात कुणीच नव्हता. जाळीच्या आत दोन लोहचुंबकांच्या मधल्या फटीत अॅल्युमिनियमची एक पट्टी सैलसर लटकलेली असते, हे तिने मला एकदा उघडून दाखवलं. काडेपेटीतल्या काडीइतकी रुंद, बोटभर लांब, वर्खाहून जरा जाड, आणि झालरीसारख्या बारीक चुण्या पाडलेली. हीच ती रिबन. आवाज आला की झुलते. बाकी तिचं काहीच काम नाही. म्हणून माइकला आडवं ठेवायचं नाही, नाहीतर रिबन लोंबते. एका खोलीतून दुसरीकडे न्यायचं तर पिशवी घालून न्यायचं, कारण चालताना लागतो तेवढा वाराही तिला पुरतो. बोलायचं ते दीड वीत दूर राहून आणि थोडं तिरकं. आवाज भारदस्त हवा असेल तर जवळ सरकायचं, पण फार जवळ गेलात तर पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं येतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हा माइक पुढून जितकं ऐकतो तितकंच मागूनही ऐकतो. दोन्ही कुशींना मात्र ठार बहिरा. पुढचं-मागचं सगळं कानावर घ्यायचं आणि शेजारी बसलेल्याचं ऐकूच आलं नाही म्हणायचं, असं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं, त्यातला प्रकार. नव्या निवेदकांना हे लक्षात राहायचं नाही. माइकच्या मागे उभं राहून ते साहेबांबद्दल काहीबाही बोलत आणि मग हळूबाईला ते शांतपणे पुसून टाकावं लागे.

त्या दिवशी तिने मुलांची दोन टोळकी केली. एक माइकच्या पुढे, एक मागे, तोंडं एकमेकांकडे. समोर आपलीच मित्रमंडळी दिसल्यामुळे मुलांची भीती पळाली. आमच्यात एक मुलगी होती, आवाज खणखणीत आणि सूर मनाला येईल तो. तिला आणावं की नाही या विचारात मी होते, पण नवा फ्रॉक घालून ती सगळ्यांच्या आधी फाटकात हजर. हळूबाईने पहिली तालीम ऐकली. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. एक स्टूल आणून तिने ते माइकच्या अगदी कुशीला ठेवलं आणि त्या मुलीला म्हणाली, तू सगळ्यांत जवळ बस, इथे. मुलगी जीव तोडून गायली. रविवारी कार्यक्रम लागला तेव्हा गाणं स्वच्छ आलं. त्या मुलीला आता नातवंडं आहेत, आणि आपण रेडिओवर माइकला खेटून गायलो होतो हे ती अजून सांगते. त्यात खोटं काहीच नाही.

मुलांच्या कार्यक्रमाचा शेवट नेहमी गोष्टीने व्हायचा. गोष्ट सांगायचे ते गोष्टीकाका. पुढे ते माझे भाऊजी झाले, म्हणजे हळूबाईचे यजमान, पण तेव्हा झालेले नव्हते. उंच, खांद्यात जरा वाकलेले, आणि आवाज असा की जिना उतरताना हाताखाली गुळगुळीत कठडा लागावा. त्यांची प्रत्येक गोष्ट "फार फार वर्षांपूर्वी" अशी सुरू व्हायची. आता हे वाचताना तोंडापुढे तळहात धरून "फार फार" म्हणून पाहा. दोन झुळका लागतील. त्या दोन झुळका दर रविवारी रिबनवर जात आणि काचेपलीकडच्या यंत्रातली सुई टोकाला जाऊन आपटे.

हळूबाईने त्यांना सांगितलं, "एके काळी" म्हणा. ते म्हणाले, "एके काळी" म्हटलं की गोष्ट म्हातारी होते. ती म्हणाली, "पूर्वी" म्हणा. ते म्हणाले, पूर्वी तर आमच्याकडे नळालाही पाणी यायचं, त्यात गोष्ट कुठली? हे कितीतरी रविवार चाललं. शेवटी एकदा ती काचेमागून उठून बाहेर आली, सगळ्यांदेखत दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरली आणि तोंड भिंतीवरच्या घड्याळाकडे वळवलं.

"'फार फार' घड्याळाला सांगा," ती म्हणाली. "'वर्षांपूर्वी' मला."

तसं केल्यावर झालं असं की, पहिले दोन शब्द लांबून आल्यासारखे वाटू लागले आणि पुढचे एकदम कानाशी. कुणीतरी फार दुरून चालत येऊन शेजारी बसावं तसं. श्रोत्यांना ते इतकं आवडलं की ही आपली खास शैली आहे, असं भाऊजी लोकांना सांगू लागले. आणि हळूबाईला ते म्हणाले, चार माणसांत हनुवटी धरलीस, आता निस्तर. तिने निस्तरलं. माझ्या आठवणीतलं ते सगळ्यांत कमी खर्चाचं आणि सगळ्यांत जास्त हशाचं लग्न.

भाऊजींची आणखी एक अडचण होती. कुणी हुंकार दिल्याशिवाय त्यांना गोष्ट सांगता यायची नाही. लहानपणी आपण सगळे गोष्ट ऐकताना "हं" म्हणत असू, आणि तो थांबला की सांगणारा समजायचा, पोर झोपलं. पण स्टुडिओतल्या रिकाम्या खोलीत हुंकार देणार कोण? म्हणून हळूबाई काचेमागे यंत्रावर एक हात ठेवून त्यांच्याकडे बघत बसायची आणि योग्य जागी मान हलवायची. तिचे मिटलेले ओठ "हं" म्हणताहेत हे त्यांना दिसायचं. ऐकू मात्र यायचं नाही, मध्ये जाड काच. गावातली सगळी पोरं ऐकत होती त्या गोष्टी ते खरं तर त्या एका मानेला सांगत होते.

माणसं निवृत्त होतात तसे माइकही होतात. नवे आले ते मजबूत होते, फुंकर सोसणारे, दूरची टाचणी पडलेली ऐकणारे. जपानी माइक एकेक करून कोठीच्या खोलीत गेले. हळूबाई निवृत्त झाली, भाऊजी तिच्या आधी झाले होते. आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. शाळा सुटल्यावर जिथे माझी पावलं वळत, तिथेच, म्हणजे त्यांच्या घरी, ती माझ्या निवृत्तीनंतरही वळत राहिली.

मग भाऊजींना कंपवात झाला. आधी अक्षर बारीक झालं. मग शर्टाची बटणं त्यांना दाद देईनात. मान ताठरली, आणि आवाज आत आत जाऊ लागला. बोलायला शिकवणारी एक तरुण डॉक्टरीण आहे, तिने सांगितलं की रोज मोठ्याने बोलायचं, दुसरा उपाय नाही. गळा वापरला तर बराच काळ टिकेल. तेव्हापासून हळूबाई त्यांच्याकडून रोज वर्तमानपत्र वाचून घ्यायची. मध्येच ते बातमीत स्वतःच्या मनाचं काहीतरी घुसडून द्यायचे आणि ती वैतागायची. एकंदरीत ठीक चाललं होतं.

त्यांची लेक परदेशी असते. ती सुटीवर आली तेव्हा बाबांच्या गोष्टी आपल्या मुलांसाठी भरून न्याव्यात म्हणून तळहाताएवढं एक यंत्र घेऊन आली. फार चांगलं यंत्र. भाऊजींनी एक गोष्ट सांगितली आणि तिने ती लगेच ऐकवली. मी तिथेच बसले होते. त्या यंत्राने काहीच सोडलं नव्हतं. जिभेला लागलेली कोरड, शब्दाच्या आधीची धाप, प्रत्येक अक्षराचं थरथरणं, दातांमधली शीळ. भाऊजींनी खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकलं.

"कोण आहे हा म्हातारा?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच की, बाबा," लेक हसत म्हणाली. तिला वाटलं, ते थट्टा करताहेत.

त्यानंतर भाऊजी बोलायचे थांबले. भांडण नाही, रुसवा नाही. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट, नको असलं तर हात आडवा. वर्तमानपत्र पुढे केलं की चष्मा काढून ठेवत. लेक परत गेली आणि फोनवर रडली. हळूबाईने तिची समजूत घातली. मला मात्र म्हणाली, "तिची चूक नाही गं. त्या यंत्राचीही नाही, ते खरं तेच बोललं. पण खरं सांगायला इतकं नाकाशी जायचं नसतं."

महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हळूबाईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. आवाज आणखी खाली गेला आहे. हे असेच गप्प राहिले तर पुढे बोलावंसं वाटलं तरी बोलता येणार नाही. गेलेलं परत आणता येत नाही, असलेलंच राखता येतं. त्या संध्याकाळी हळूबाईने भात दोनदा लावला. पहिला लावलाय हे तिच्या लक्षातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रावर गेली. जुनं सामान मोडीत काढताहेत, हे तिच्या कानावर होतं. कोठी सांभाळणारा गृहस्थ तिच्या वेळचा. त्याने सांगितलं, तीन जपानी माइक कधीच गेले, चौथा आहे पण त्यात राम नाही. कुणीतरी तो चालतो का बघायला फुंकर मारली होती.

"हा मेलाय, बाई," तो म्हणाला. "आत काही उरलेलं नाही."

"आत मी घालीन," हळूबाई म्हणाली.

बसमध्ये तिने तो मांडीवर उभा धरून आणला, कापडी पिशवी घालून. आत रिबनच नाही, मग पिशवी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, सवय.

तिचं गणित साधं होतं. हा माइक खोटं बोलत नाही, पण बोचरं तेवढं सोडून देतो. शीळ, कोरड, खरखर त्याच्या कानावर फारशी पडत नाही आणि खालचा, छातीतला आवाज मात्र तो जपून घेतो. भाऊजींनी आयुष्यभर स्वतःला त्याच्या कानाने ऐकलं होतं. आपला आवाज म्हणून ते ओळखत होते तो हाच. तो अजून गळ्यात आहे हे त्यांना एकदा ऐकवायचं, एवढंच तिला करायचं होतं. पण त्यासाठी रिबन हवी, आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नव्हती.

तिने जुन्या रेडिओंमधले वीज साठवणारे कपॅसिटर फोडले. त्यांच्या पोटात गुंडाळलेला अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो, तो उलगडून काचेवर ठेवायचा आणि पात्याने पट्टी कापायची. बिघडलेल्या गजराच्या घड्याळातली दोन दातेरी चाकं तिने एका लाकडी ठोकळ्यावर शेजारी शेजारी बसवली होती. त्यांच्यामधून पट्टी सरकवली की चुण्या पडायच्या. मग ती पितळी चिमट्याने उचलून चुंबकांच्या फटीत धरायची आणि दोन्ही टोकांना स्क्रू आवळायचे. चिमटा पितळीच हवा, लोखंडाचा असला तर चुंबक तो हिसकावून घेतो आणि मध्ये आलेल्या रिबनचा चुरा करतो. स्वयंपाकघराच्या टेबलावर पंखा बंद, खिडक्या बंद, आणि डोक्याला भिंगाची पट्टी बांधून हळूबाई श्वास रोखून बसायची. पहिली पट्टी तिच्याच उसाशाने उडाली. एक चुंबकाला चिकटली. एक आवळताना तुटली. सत्तरीतले डोळे, सत्तरीतली बोटं. मी जाऊन शेजारी बसायचे. माझ्याकडे एकच काम होतं, न हसणं, आणि तेही मला जड जायचं.

भाऊजी दाराजवळच्या आरामखुर्चीत असायचे. बघायचे, पण आपला काही संबंध नाही अशा नजरेने.

एका दुपारी मी भाजीच्या पिशव्या घेऊन आले. दोन्ही हात अडकलेले, दार लोटलेलं, म्हणून मी नेहमीसारखी कोपराने ढकलायला गेले.

"हळू."

आवाज खुर्चीतून आला होता. घोगरा, गंज चढलेल्या बिजागरीसारखा. मी दाराला कोपर लावून तशीच उभी. टेबलाशी हळूबाईच्या चिमट्यात रिबन होती, फटीच्या अगदी तोंडाशी. तिने वर पाहिलं नाही. हातही हलला नाही. रिबन आत उतरवली, वरचा स्क्रू आवळला, मग खालचा. चिमटा खाली ठेवला आणि मगच मान वर केली. भाऊजी छताकडे बघत होते, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे. मी असते तर शेजारीपाजारी गोळा केले असते. ती एवढंच म्हणाली, "चहा टाक गं जरा. माझे हात कापताहेत."

रिबन बसली होती.

पुढच्या दुपारी तिने आतल्या खोलीचा स्टुडिओ केला. कपाटाची दारं उघडी टाकली, म्हणजे आतले कपडे आवाज पितात. गादी भिंतीला उभी केली. टेबलावर घोंगडी अंथरली. खिडकीतून रस्त्याचा आवाज येत होता, तर माइक असा फिरवला की खिडकी त्याच्या बहिऱ्या बाजूला आली. मलाही तिथेच बसवलं. रस्ता आणि मी, दोघांचंही काही ऐकायचं नाही असं ठरलं होतं. आवाज वाढवून भरून घ्यायचं यंत्र तिने कुणाकडून तरी मागून आणलं होतं. त्यावर माइकला वीज पुरवायचं एक बटण असतं, नव्या माइकांना ती वीज म्हणजे जेवण आणि याला विष. त्या बटणावर तिने चिकटपट्टी लावली आणि वर अंगठ्याने दाबून पुन्हा एकदा खात्री केली.

भाऊजींना खुर्चीसकट आणून बसवलं. गोष्टीचं नावही तिने काढलं नाही. मला फक्त माइक तपासायचाय, म्हणाली. केंद्रावर त्यांची एक रीत होती. तपासताना कुणाला एक-दोन-तीन म्हणायला लावत नसत, कारण आकडे म्हणताना माणूस परेडीत उभा राहिल्यासारखा बोलतो. त्याऐवजी विचारायचं, सकाळी काय खाल्लंत? त्याचं उत्तर देताना प्रत्येक जण स्वतःसारखा बोलतो.

"सकाळी काय खाल्लंत?" हळूबाईने विचारलं.

भाऊजींनी माइककडे पाहिलं. खालच्या पितळी पट्टीवर अजून ती जपानी अक्षरं होती.

"तू वाढलंस ते," ते म्हणाले. "मीठ नव्हतं त्यात."

"डॉक्टरांनी कमी सांगितलंय." ती यंत्रावरची कळ फिरवत होती. "आणखी थोडं बोला."

"आणखी थोडं मीठ घाल."

मी रुमाल तोंडात कोंबला. हळूबाईने यंत्र थांबवलं, भरलेलं मागे नेलं आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. मिठाची ती तक्रार त्यांनी ऐकली. बोटाने खूण केली, पुन्हा. पुन्हा ऐकली. मला ते काही ऐकू येत नव्हतं, मला त्यांचा चेहरा दिसत होता. हेडफोन काढून त्यांनी थरथरत्या हाताने शर्टाची कॉलर नीट केली. प्रक्षेपणाच्या आधी ते नेहमी करायचे तशी. इतकी वर्षं ऐकायला पुष्कळ कान आणि बघायला कुणी नाही असं ते काम, पण कॉलर नीट हवी.

हळूबाईने घाईने यंत्र सुरू केलं. इथे काच नव्हती, काचेमागची खोली नव्हती. त्यांना दिसेल अशा जागी बसायचं म्हणून ती समोर जाऊन बसली, माइकच्या पलीकडे.

भाऊजींनी श्वास घेतला. "फार फार" खिडकीकडे म्हणायला मान वळवू लागले. मान वळली नाही. डोळे तेवढे खिडकीपर्यंत जाऊन आले. ते थांबले, आणि मला वाटलं, संपलं.

तेव्हा तो हात मध्ये आला. पलीकडून, माइकला वळसा घालून, त्यांच्या ओठांच्या आणि जाळीच्या मध्ये. रुंद, घट्टे पडलेला. भाऊजींनी "फार फार" त्या तळव्यात म्हटलं. हात बाजूला झाला.

"वर्षांपूर्वी," भाऊजी म्हणाले, "एक घड्याळजी होता. त्याच्या दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत."

गोष्ट चालू झाली. मध्ये थांबत होते, शब्द घसरत होते, पण चालली होती. घड्याळजीकडे एक बाई येते आणि विचारते, यातलं खरं कुठलं? इथे भाऊजी नेहमी थांबायचे. त्यांनी हळूबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"हं," ती म्हणाली.

मोठ्याने. तिला कळलंही नाही. काच नाही हे ती विसरली होती, आणि माइकच्या कुठल्या बाजूला बसलोय हेही. जन्मभर जिने मागची बाजू ऐकते म्हणून निवेदकांना बजावलं, ती बरोबर मागच्या बाजूला बसून दर चार वाक्यांनी "हं" म्हणत होती. मला दिसत होतं. मी तर बहिऱ्या बाजूला होते, हळूच सांगितलं असतं तरी बिघडलं नसतं. पण गोष्ट चालली होती आणि ती थांबवायची माझी छाती नव्हती.

गोष्ट संपल्यावर तिने ती लावली, या वेळी छोट्या स्पीकरवर, तिघांनाही ऐकू जाईल अशी. भाऊजींचा आवाज आला. म्हातारा झालेला, कापणारा, पण त्यांचाच. कठड्याचं लाकूड झिजलं होतं, हाताला लागत होतं मात्र तेच. आणि मग, अगदी शेजारून, तितक्याच स्पष्टपणे, "हं."

हळूबाईने कपाळाला हात लावला. "अरे देवा. मागची बाजू." तिचा चेहरा माझ्या वर्गातल्या कुणाचा गृहपाठ राहिल्यावर व्हायचा तसा झाला होता. ती उठलीच. पुन्हा घेऊ या, ती म्हणाली, मी स्वयंपाकघरात जाऊन बसते.

भाऊजींनी यंत्रावर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "इतकी वर्षं काचेमागून नुसती मान हलवत होतीस. आवाज आज आला."

"अहो, एकावर एक आलेत आवाज. बिघडलंय ते."

"मग उद्या पुन्हा बिघडव."

तेव्हापासून रोज दुपारी खोलीत गादी उभी राहू लागली. लेकीला गोष्टी जात राहिल्या. तिकडच्या नातवंडांनी फोनवर विचारलं की मध्येमध्ये "हं" म्हणणारी ती बाई कोण, आणि ती झोपत कशी नाही? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आवाज खाली जायचा थांबलाय, काय केलंत? हळूबाई म्हणाली, काही नाही, मीठ वाढवलं. डॉक्टरीणबाईंनी ते खरं समजून तिला रागे भरलं.

त्या पहिल्या दुपारी मला जिन्यापर्यंत सोडायला ती आली होती. तिने उजवा तळवा उघडून बघितला, पुन्हा मिटला.

"त्या 'फार फार'मध्ये आता वारा उरलेला नाही गं," ती म्हणाली. "हाताला काही लागलंच नाही. मध्ये घातला नसता तरी रिबनला काही झालं नसतं."

"मग घातलास कशाला?"

"न घालते तर त्यांना कळलं असतं."

यालाही आता बराच काळ झाला. कंपवात कुणाच्या गोष्टीसाठी थांबत नाही. थांबवता आला तेवढा तिने थांबवला, आणि भाऊजींच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी भरून झाल्यावरच शब्द एकेक करून कमी होत गेले. पण ओठ मिटून म्हणायचं अक्षर त्यांना अजून येतं. त्यामुळे हल्ली जागांची अदलाबदल झाली आहे. दुपारी हळूबाई माइकवरची पिशवी काढते, पुढच्या बाजूला बसते आणि गोष्ट ती सांगते. मागच्या बाजूला बसून हुंकार भाऊजी देतात. मी गेले की मला खिडकीपाशी बसवतात, कारण मला अजून हसू आवरत नाही.